ओल्या रस्त्यावरचा उजेड



संयोजकांनी पंधरा दिवसांपूर्वी फोन करून विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितलं, ‘पावसातला रात्रीचा रस्ता रंगवणं’. पलीकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, ‘‘सर, पाथर्डीत? आणि पावसावर?’’ त्यांची शंका रास्त होती. आपला तालुका पर्जन्यछायेतला. याच जिल्ह्यात तिकडे अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीला पाऊस नुसता कोसळतो आणि इकडे आपण भर जुलैत एकदा आभाळाकडे आणि एकदा टँकरकडे बघत बसतो. त्यात तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं चित्रकलेवर का बोलावं, हाही प्रश्न आहेच.

खुलासा असा की निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आम्ही जलरंग शिकायला लागलो. दर रविवारी एसटीनं करंजी घाटातून नगरला जायचं, दोन तास कागद खराब करायचे आणि परत यायचं, असं तीन वर्षं केलं. चित्रकार झालो नाही, यावर आमच्या घरात एकमत आहे. पण वर्गात ज्या शब्दांवर चाळीस वर्षं बोललो, म्हणजे प्रतिबिंब, आभास, तम, सौंदर्यानुभव, ते शब्द ब्रश हातात धरल्यावर पहिल्यांदा खरोखर अडायला लागले. विद्यार्थ्याला उत्तर देऊन वेळ मारून नेता येते, कागदाला नेता येत नाही.

तर सुरुवात तत्त्वज्ञानापासून न करता रस्त्यापासून करू.

कोरडा डांबरी रस्ता रात्री बघा. दिव्याखाली तो करडा दिसतो, राखेसारखा. डांबराचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो. आपण कुठेही उभे राहिलो तरी साधारण तेवढाच येतो. आता त्याच रस्त्यावर पाऊस पडला. दोन गोष्टी एकदम होतात आणि त्या एकमेकींच्या उलट वाटतात. रस्ता काळा होतो, आणि रस्ता चमकायलाही लागतो. 

काळा का होतो? खडीवर पाण्याचा पातळ थर बसतो. त्यातून उजेड आत जातो, खालच्या डांबरावर आपटून विखुरतो आणि बाहेर यायला निघतो, पण तिरका निघालेला उजेड पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परत आतच फिरतो. पुन्हा डांबरावर आपटतो, आणि दर खेपेला डांबर त्यातला थोडा गिळतं. ओली माती, ओलं धोतर, ओली भिंत कोरडीपेक्षा गडद दिसते, त्याचंही एक कारण असंच आहे.

आणि चमकतो का? तर पाण्याचा तो थर वरून आरशासारखा वागतो. पण हा आरसा विचित्र आहे, तो किती परावर्तन करील हे आपण किती तिरकं बघतो यावर ठरतं. सरळ पायाशी खाली बघितलं तर शंभरातला जेमतेम दोन भाग उजेड परत येतो. म्हणून पायाजवळच्या डबक्यात आपल्याला तळातली खडी दिसते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरले, तर साडेआठ मीटर पुढच्या पाण्यावरून शंभरातले सुमारे पस्तीस भाग उजेड येतो. सतरा मीटरवर अर्ध्याहून जास्त. म्हणजे लांबचा रस्ता आरसा, जवळचा रस्ता काळा. हे आकडे जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

नवशिका नेमकं उलटं करतो. आम्हीही केलं. पायाजवळचा रस्ता कागदाच्या खालच्या बाजूला, आपल्या हाताशी असतो, म्हणून हौसेनं तिथेच सगळी चमक ओततो. मग ते चित्र पावसाचं न दिसता कुणी तेल सांडल्यासारखं दिसतं. आमच्या पहिल्या चित्राला घरात ‘रॉकेलचं दुकान’ असं नाव पडलं होतं.

आता दिव्याची ती लांबलचक रेघ. खांबावरचा दिवा एवढासा, पण ओल्या रस्त्यावर त्याची उभी पट्टी थेट आपल्याकडे येते. रस्ता काचेसारखा सपाट असता तर दिव्याखाली फक्त दुसरा दिवा दिसला असता. पण पाण्याचा थर वरखाली असतो, खडीमुळे, वाऱ्यामुळे, पडणाऱ्या थेंबांमुळे. त्या हजारो छोट्या उतारांपैकी ज्यांचा कल बरोबर जुळतो, ते सगळे दिव्याचा एकेक तुकडा आपल्याकडे पाठवतात. तिरकं बघताना हे तुकडे आडवे फार पसरत नाहीत, उभे पसरतात. म्हणून पट्टी.

आणि ही पट्टी नेहमी बघणाऱ्याकडेच येते. आज पाऊस पडला तर बाहेर करून बघा. दोघं जण दहा पावलांवर उभे राहा आणि दिव्याची रेघ कुठे आहे ते बोट करून दाखवा. तुम्ही एक जागा दाखवाल, शेजारी दुसरी. तुम्ही चालायला लागलात की रेघ तुमच्याबरोबर चालायला लागते. सावलीचं तसं नाही. खांबाखाली उभ्या माणसाची सावली तुम्हाला जिथे दिसते, तिथेच शेजाऱ्यालाही दिसते. ती दिवा आणि तो माणूस यांच्यामध्ये ठरलेली असते. तुम्ही घरी गेलात तरी ती तिथेच.

आमच्या चित्रकला शिक्षकांनी पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, ‘‘सर, ही छाया आहे का प्रतिबिंब? दोन्हीचं कालवण झालंय.’’ आम्ही चाळीस वर्षं वेदान्त शिकवलेला माणूस. जरा लाजच वाटली.

वेदान्तात प्रतिबिंबावर मोठा वाद आहे. चेहरा आरशात दिसतो, तो आरशातला चेहरा खरा की खोटा? सुरेश्वराचार्यांच्या बाजूचे म्हणतात, तो आभास आहे, मूळ चेहऱ्याहून वेगळा आणि मिथ्या. प्रकाशात्म्यांच्या विवरण परंपरेतले लोक म्हणतात, नाही, आरशात दिसतो तो तुमचाच चेहरा. तो आरशाच्या आत आहे, उलटा आहे, एवढंच फक्त खोटं. दिसतंय ते बिंबच, फक्त जागा चुकीची वाटते. जीव आणि ब्रह्म यांचं नातं सांगायला हे दृष्टान्त वापरले जातात. आम्ही ते वर्गात फळ्यावर दोन रकाने करून शिकवत होतो आणि मुलं परीक्षेत दोन रकाने लिहीत होती.

रस्ता रंगवताना आमचा कल विवरणाकडे झुकला, हे कबूल करतो. ओल्या रस्त्यावर दिसतो तो त्या खांबावरचाच दिवा. त्याचाच उजेड दुसऱ्या वाटेनं आलेला. रस्त्यावर वेगळं काही पडलेलं नाही, म्हणून वेगळं काही रंगवायचंही नसतं. दिवा जेवढा उंच, तेवढंच त्याचं प्रतिबिंब खाली ‘खोल’, त्याच उभ्या रेषेत. नियम एवढाच. पण विवरणवाल्यांनी ज्या ‘जागे’ला खोटं म्हटलं, ती जागा चित्रकाराला टाळता येत नाही. रेघ कागदावर कुठेतरी काढावीच लागते. आणि जिथे काढाल, तिथून तुम्ही कुठे उभे होता ते कळतं. चित्रात तुम्ही स्वतःला काढलेलं नसतं, तरी कळतं.

दुसरा वाद अंधाराचा. वैशेषिक म्हणतात, तम म्हणजे तेजाचा अभाव, ती स्वतंत्र वस्तू नव्हे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, अंधार हे द्रव्य आहे. त्याला रंग आहे, तो दिव्याबरोबर सरकतो, मग त्याला नुसता अभाव कसा म्हणायचा? शिकवताना आम्हाला हे मीमांसकांचं म्हणणं जरा बाळबोध वाटायचं. जलरंगात रात्र रंगवायला बसलो आणि दोनच तासांत मत बदललं.

जलरंगात पांढरा रंग जवळजवळ वापरत नाहीत. उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तैलरंगात काळ्यावर शेवटी पिवळा ठिपका ठेवला की दिवा लागतो. इथे दिवा आधीपासून कागदात असतो, त्याच्या भोवती अंधार घालत यावं लागतं. उजेड करायची काही सोयच नाही, करायचा तो अंधार. तोही थोडाथोडका घालून भागत नाही. ओला रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून रात्र काढताना रंग भीती वाटावी इतका घट्ट घ्यावा लागतो. आणि नळीतला काळा घेऊन चालत नाही, तो मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करायचे. निळा जास्त तर थंड अंधार, तपकिरी जास्त तर उबदार अंधार. दुकानाजवळचा अंधार वेगळा, गल्लीच्या टोकाचा वेगळा. आता सांगा, ज्याला इतक्या जाती आहेत तो नुसता अभाव?

पद्धत थोडक्यात सांगतो, कारण मागच्या ओळीत काही मुलं वह्या घेऊन बसलेली दिसतात. कागद जाड घ्या, बोर्डावर चारी बाजूंनी चिकटवा. दिवे आणि खिडक्या कुठे कोऱ्या ठेवायच्या, ते आधी पेन्सिलीनं ठरवा. मग सगळा कागद पाण्यानं ओला करा आणि दिव्यांभोवती पिवळा-नारिंगी सोडा. तो पसरतो, पसरू द्या, दमट हवेतलं दिव्याचं वलय तसंच असतं. कागद ओला असतानाच रस्त्यावर त्याच रंगाच्या उभ्या पट्ट्या ओढा, वरून खाली, एका दमात. नंतर आभाळ आणि इमारती. शेवटी कागद पुरता वाळल्यावर आडव्या, कोरड्या, गडद रेघा, गाड्यांच्या चाकांनी कापलेलं पाणी दाखवायला. या आडव्या रेघा पडल्या की उभ्या पट्ट्या एकदम जमिनीवर झोपतात. तोवर त्या हवेत टांगलेल्या पडद्यासारख्या दिसतात. हा क्षण फार मजेचा असतो. पावसाच्या धारा मात्र काढू नका. पन्नासातले एकोणपन्नास जण शेवटी पांढऱ्या रेघा मारून चित्र घालवतात.

महाराष्ट्रात हे काम बघायचं असेल तर पुण्याचे मिलिंद मुळीक बघा. शिक्षणानं ते इंजिनिअर. वडील प्रताप मुळीक, ज्यांची अमर चित्रकथेतली चित्रं आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिली असतील. मुळीकांची जलरंगावरची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनानं काढली आहेत आणि ती पाहून शिकलेली मुलं आता गावोगाव आहेत. पुण्याचा साधा रस्ता, रिक्षा, दुकानाची पाटी, पाऊस नुकताच थांबलेला. त्यांचा रस्ता पाहिला की कळतं, त्यात तपशील किती कमी आहे. रिक्षा म्हणजे दोन डाग आणि एक लाल ठिपका. बाकीची रिक्षा आपणच पुरवतो.

दुसरे नागपूरचे बिजय बिस्वाल. मूळचे ओडिशाचे, नोकरी केली ती रेल्वेत तिकीट तपासनीसाची. त्यांचा आवडता विषय म्हणजे पावसात भिजलेला फलाट. लोकं, छत्र्या, सामान आणि खाली फलाटावर त्या सगळ्यांची लांब प्रतिबिंबं. हा माणूस वर्षानुवर्षं फलाटावर उभा राहिलेला आहे, हे चित्रात दिसतं. हौशी प्रवासी फलाट बघतो तेव्हा गाडी बघतो. त्यांच्या चित्रात जमीन फार नीट बघितलेली असते.

हा विषय तसा जुना नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. गुळगुळीत, फरसबंद किंवा डांबरी रस्ता, त्यावर रात्रभर जळणारे दिवे, आणि रात्री पावसात बाहेर पडणारी माणसं. या तिन्ही एकत्र आल्या त्या एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शहरांत. आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. पॅरिसमध्ये गुस्ताव काइबोत यांनी १८७७ साली पावसातल्या चौकाचं प्रचंड चित्र काढलं, सुमारे सात फूट उंच आणि नऊ फूट रुंद. ते आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. पडद्यावर बघा. छत्र्या आहेत, पाऊस कुठेच नाही. एकही धार नाही. फरशीवरच्या ओलसर चमकेवरून सगळं कळतं. पण तो दिवस आहे, मधला गॅसचा खांब विझलेला आहे.

रात्र काढली पिसारो यांनी, १८९७ साली. साठी उलटलेली होती. हॉटेलात खोली घेतली आणि वरच्या खिडकीतून बुलेव्हार माँमार्त्र हा रस्ता पुन्हा पुन्हा रंगवला, सकाळी, दुपारी, उन्हात, धुक्यात. चौदा चित्रं. त्यातलं रात्रीचं फक्त एक. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रस्त्याच्या मधोमध विजेचे नवे दिवे, थंड, पांढरे. दोन्ही बाजूंना दुकानांचा गॅसचा उबदार पिवळा उजेड. खाली ओला रस्ता दोन्ही पितो आहे. हे चित्र त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात ठेवलं नाही, त्यावर सहीही केली नाही. का, ते आपण ठरवू नये. पण एवढ्या मोठ्या चित्रकाराला एकच रात्र काढून थांबावंसं वाटलं, याचा आमच्यासारख्या नवशिक्याला आधार वाटतो.

पिसारोंच्या त्या दोन उजेडांवरून आपल्याकडची एक गोष्ट आठवते. २०१५ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, आणि केवढा वाद झाला. राणीच्या रत्नहाराचा रंग गेला म्हणून लोकांनी ओरड केली. पुढे तिथे पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. वीज वाचवणं चांगलंच, पण रस्त्याच्या उजेडावर माणसांचा जीव जडतो हेही खरं. गंमत अशी की सोडियमच्या पिवळ्या उजेडात रंग नीट ओळखूच येत नाहीत, लाल लुगडं तपकिरी दिसतं. पांढऱ्या एलईडीत सगळे रंग कळतात. जुन्या चित्रातली एकरंगी, मधासारखी रात्र आणि आजची निळसर रात्र या दोन वेगळ्या रात्री आहेत. चाळीस वर्षांनी कुणाला नेमकं साल ओळखायचं असेल तर रस्त्यावरच्या रेघेचा रंग पुरेल.

इथपर्यंत आम्ही सगळं हौसेनं सांगितलं. आता जे सांगायचं आहे, ते सांगायला थोडं जड जातं.

सौंदर्यशास्त्राच्या वर्गात आम्ही एडवर्ड बुलो यांचा १९१२ सालचा निबंध शिकवत असू. त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. समुद्रात दाट धुकं पडलं आहे. बोटीवरच्या माणसाला ते धोक्याचं, कटकटीचं. पण तोच माणूस क्षणभर स्वतःच्या काळजीपासून अंतर घेऊ शकला, तर त्याला त्याच धुक्याचं सौंदर्य दिसतं. याला ते मानसिक अंतर म्हणतात. आपले मर्ढेकर दुसऱ्या वाटेनं जवळपास तिथेच जातात. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या पुस्तकात त्यांनी कलाकृतीचं सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल अशा लयींमध्ये शोधलं. ओल्या रस्त्याचं चित्र घ्या, मर्ढेकरांना हवं ते सगळं हजर आहे. वरचा दिवा आणि खालची रेघ यांचा संवाद, उजेड-अंधाराचा विरोध. चित्रात भिजतो तो माणूस कोण, हे विचारायची गरजच पडत नाही. रा. भा. पाटणकरांनी १९७४ सालच्या ‘सौंदर्यमीमांसे’त म्हटलं की हे एकच टोक झालं. कलेला अलौकिक मानणारा एक ध्रुव आहे, तसा तिला आपल्या रोजच्या जगण्याच्या मोजमापांत धरणारा लौकिकतेचा दुसरा ध्रुवही आहे, आणि आपला कलाव्यवहार या दोन्हींमध्ये चालतो. आम्ही परीक्षेच्या सोयीसाठी तिघांना तीन प्रश्नांत बसवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो शाळेत शिक्षक आहे. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जात. आपल्याकडून दसरा-दिवाळी झाली की गाड्या निघतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको, या सभागृहात त्या घरांतली माणसं बसलेली आहेत. तो लहानपणी काही हंगाम बरोबर गेला होता. आम्ही त्याला मोठ्या कौतुकानं आमचं नवं चित्र दाखवलं. पाथर्डीचं बसस्थानक, पावसातली रात्र, दिव्यांच्या रेघा. तो बराच वेळ बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता हा म्हणणार, सर, तुम्हाला पाऊस छान वाटतो, आम्हाला नाही वाटत. त्याचं उत्तरही आम्ही मनात तयार केलं होतं, बुलोसकट.

तो म्हणाला, ‘‘सर, एका रात्री अवकाळी आला होता. कोपीत पाणी शिरलं. आईनं आम्हा भावंडांना गाडीखाली बसवलं. समोर कारखान्याचे दिवे होते, आणि तळावरच्या चिखलपाण्यात ते असेच लांबलांब पडले होते, पार आमच्या पायापर्यंत. मी रात्रभर तेच बघत होतो. छान दिसत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.’’

आम्ही गप्प झालो. मग तो जरा थांबून म्हणाला, ‘‘पण सर, तुमच्या चित्रात उजेड इतका लांब का राहिलाय? आमच्या पायापर्यंत आला होता.’’

रात्री तो गेल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मघाशी सांगितलेले आकडे आठवा. उभ्या माणसाचे डोळे दीड मीटरवर, म्हणून त्याला साडेआठ मीटरवर पस्तीस टक्के उजेड दिसतो. गाडीखाली बसलेल्या पोराचे डोळे जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर धरा. त्याला तेवढीच चमक साडेतीन मीटरच्या आत दिसते, आणि सात मीटरवर अर्ध्याहून जास्त. तो अक्षरशः खरं बोलत होता. जो जितका जमिनीलगत, त्याच्याजवळ तितका जास्त उजेड येतो. पिसारो वरच्या खिडकीत होते. आम्ही बसस्थानकासमोरच्या एका ओट्यावर उभे होतो, छपराखाली, कोरडे. आमच्या चित्रानं ते सांगून टाकलं होतं, आणि ते वाचणारा माणूस भेटेपर्यंत आम्हाला माहीतही नव्हतं.

बुलो यांचं म्हणणं यानं खोटं ठरतं असं आम्ही म्हणणार नाही. पण अंतर घेतल्याशिवाय सौंदर्य दिसत नाही, ही गोष्ट आता आम्हाला जशीच्या तशी शिकवता येणार नाही. त्या पोरानं कसलं अंतर घेतलं होतं? भिजलेला होता, थंडीनं कुडकुडत होता, आई कोपीतलं पाणी उपसत होती. हे सगळं विसरून त्याला उजेड दिसला नव्हता. हे सगळं धरून दिसला होता. आणि म्हणून ‘गरिबांच्या हालांचं सुंदर चित्र काढू नये’ असं जे आम्ही काही वर्षं मोठ्या तावातावानं म्हणायचो, तेही अर्धवट वाटायला लागलं. सुंदर दिसणं ही काही ओट्यावरच्या माणसाची खासगी मिळकत नाही. फक्त चित्र ओट्यावरून काढलं असेल तर ते गाडीखालचं आहे असं भासवू नये.

याच चित्राची दुसरी तपासणी बसस्थानकाजवळच्या चहावाल्यानं केली. आम्ही त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, ‘‘चित्र भारी आहे सर, पण पाऊस आला की आपल्याकडं लाईट कुठं राहती? पहिलं टिपूस पडलं की गेली.’’

आता हसा. पण मुद्दा बिनतोड होता. आम्ही पाथर्डी म्हणून पुण्याचा रस्ता काढला होता, किंवा पॅरिसचा. पाट्या मराठी आणि दिवे परगावचे. आपल्या गावात पावसातली रात्र म्हणजे आधी एकदम सगळं गुडूप. मग कुणाचा मोबाइलचा टॉर्च, दुकानात एक बॅटरी, आणि रस्त्यानं येणाऱ्या गाडीचे हेडलाइट. तेवढ्या वेळापुरता रस्ता दिसतो, डबकी पेटतात, एखादं कुत्रं, एखादी बाई डोक्यावर पोतं घेतलेली, आणि परत काळोख.

अशा रस्त्याचं चित्र युरोपात शोधत बसण्यात अर्थ नाही. ते कालिदासाकडे आहे. मेघदूतात यक्ष मेघाला उज्जयिनीचा रस्ता सांगतो. रात्रीची वेळ, राजमार्गावर सुईनं टोचता येईल असा अंधार, आणि प्रियकराकडे निघालेल्या स्त्रिया. खांब नाहीत, दिवे नाहीत. यक्ष मेघाला सांगतो, कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ उमटते तशी वीज चमकव आणि त्यांना जमीन दाखव. पण गडगडू नकोस, बरसू नकोस, त्या घाबरतील. कसोटीचा दगड काळा असतो आणि त्यावर सोन्याची बारीक रेघ. ओला काळा रस्ता आणि त्यावरची उजेडाची रेघ, हे ज्यानं रंगवून पाहिलं आहे त्याला ही उपमा कळायला टीकाकार लागत नाही. आणि कवीचं लक्ष कुठे आहे बघा. रस्ता छान दिसावा म्हणून वीज मागितलेली नाही. चालणारीला पाय कुठे टाकायचा ते दिसावं म्हणून मागितली आहे.

पहाडी शैलीतल्या अभिसारिकेच्या चित्रांतही ही बाई आहे. रात्र, पाऊस, वीज, पायाशी साप. तिथे चित्रकार तिला अंधारात बुडवत नाही. रात्र असूनही तिचा चेहरा, वस्त्र, दागिने स्वच्छ दिसतात. युरोपीय नजरेला ही चूक वाटेल. आजच्या ओल्या रस्त्यांच्या चित्रांत माणूस म्हणजे छत्रीखालचा काळा डाग, त्या शेजारी ती चूक आम्हाला तेवढी चूक वाटत नाही.

सध्या आम्ही नवं चित्र करतो आहोत. चौथा कागद आहे. लाईट गेलेली आहे, शेवगावकडून एसटी आत वळते आहे, तिचे दोन दिवे. तेवढाच उजेड. या वेळी खुर्ची न घेता चहाच्या टपरीसमोर पाटावर बसून रेखाटन केलं, डोळे जमिनीजवळ यावेत म्हणून. गुडघ्यांनी त्याची किंमत वसूल केली. एसटीच्या उजेडात एक बाई रस्ता ओलांडते आहे. तिची सावली आपल्याकडे येते आणि दिव्यांची प्रतिबिंबंही आपल्याकडेच येतात, दोन्ही एकाच दिशेनं, आणि दोन्हींचं पुन्हा कालवण होतं आहे. शिवाय तिचा चेहरा उजेडाच्या विरुद्ध बाजूला. भौतिकशास्त्राप्रमाणे तो काळाच यायला हवा. पहाडी चित्रकारानं तो दिसू दिला असता. ती जागा अजून कोरी सोडली आहे. कोरा कागद तिथे उजेडासारखा दिसतो, ही एक अडचणच आहे, पण वाळलेल्या कागदावर एकदा अंधार घातला की तो काढता येत नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागे त्या वहीवाल्या मुलानं मघाशीच हात वर केला होता.